वाढदिवसाच्या ताटाआधी तिला विचार

सोलापूर,
गुरुवार

चि. सोनूस,


काल रात्री अक्काचा फोन आला होता. पाण्याची पाळी, ज्वारीचा भाव, तुझ्या बाबांचा गुडघा असं सगळं बोलून झाल्यावर तिनं तुझ्या रविवारच्या बेताचं सांगितलं. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीचा वाढदिवस आहे, हॉटेलात जायचं नाही, बाहेरून मागवायचं नाही, तू स्वतः स्वयंपाक करणार. ऐकून मला फार बरं वाटलं. मग बोलण्याच्या ओघात अक्का म्हणाली, "त्या पोरीला शेंगा चालत नाहीत म्हणे. मागं कोशिंबीर खाऊन ओठ सुजले तर केवढा घोळ घातला. सोनू म्हणते, या वेळी न सांगता चिमूटभर कूट घालून बघते, कळतंय का तिला."

सोनू, हे खरं आहे का? अक्काच्या सांगण्यात मीठ-मसाला असतो हे मला माहीत आहे. तू हे नुसतं हसण्यावारी बोलली असशील, कदाचित बोललीही नसशील. तसं असेल तर माझं पुढचं रागावणं सोडून दे. पण मनात एवढंसं जरी आलं असेल, तर मी तुला हात जोडून सांगते, असलं काही करू नकोस. रात्रभर मला नीट झोप लागलेली नाही.

आपण सोलापूरचे. आपल्या घरात शेंगाचटणीशिवाय ताट पुरं होत नाही. आजीच्या हाताखाली उखळात शेंगा, लसूण, जिरं नि तिखट कुटताना तेल सुटेपर्यंत थांबायचं नाही, हे तू सात-आठ वर्षांची असताना शिकलीस. संक्रांतीला शेंगापोळी, उपासाला खिचडीत कूट, वांग्यात कूट, भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट. ज्या घरात शेंगा मिठासारख्या वापरतात, त्या घरातल्या मुलीला शेंगांनी कुणाचा जीव जाऊ शकतो हे पटायला जड जातं, ते मी समजते. पण जातो, बाळा. माझी सगळी नोकरी दवाखान्यात गेली, म्हणून हे मी ठामपणे सांगू शकते.

तिचे ओठ सुजले, तो नखरा नव्हता. एखाद्याचं शरीर शेंगेतल्या प्रथिनाला शत्रू समजतं आणि त्याच्यावर तुटून पडतं. त्यासाठी मूठभर शेंगा लागत नाहीत, एखाद्याला कुटाचा कणही पुरतो. भाजल्यानं, तळल्यानं, फोडणीत परतल्यानं ते प्रथिन नाहीसं होत नाही. आणि मागच्या वेळी ओठांवर भागलं म्हणून पुढच्या वेळीही ओठांवरच भागेल, असं कुणीही डॉक्टर लिहून देणार नाही. कधी नुसत्या गांधी उठतात, कधी त्याच माणसाचा घसा आतून सुजतो, रक्तदाब घसरतो. तू जी 'गंमत' करायला निघाली होतीस, तिचा शेवट तुझ्या हातात राहिला नसता.

आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की "पित्त उठलं" म्हणतात आणि आमसूल चोळतात. आजीनं तुलाही चोळलंय. त्यानं खाज थोडी शमत असेल, बंद होणारा घसा त्यानं उघडत नाही. खाजेची गोळी दिली म्हणजे झालं, असंही समजू नकोस. रविवारी सगळी काळजी घेऊनही काही झालंच, तिचा आवाज बसायला लागला, श्वास लागला, उलट्या सुरू झाल्या किंवा चक्कर आली, तर घरगुती उपायात एक मिनिटही घालवायचं नाही. १०८ ला फोन करायचा. तिला आडवं निजवून पाय उंच करायचे, श्वास फारच लागत असेल तर बसतं ठेवायचं, पण चालवत जिन्यावरून न्यायचं नाही. तिथं उपयोगी पडतं ते अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. डॉक्टरांनी तिला ते जवळ ठेवायला दिलं असेल तर तिच्या पर्समध्ये नेमकं कुठं असतं ते आधीच बघून ठेव. दिलं नसेल, ती कुठल्याच डॉक्टरला भेटली नसेल, तर वाढदिवस झाल्यावर तिला अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरकडे घेऊन जा. आणि रविवारी दवाखान्यात न्यावंच लागलं, तर बरं वाटलं तरी तिला तिथून लगेच घरी आणायचं नाही. काही तासांनी त्रास पुन्हा उसळी मारू शकतो.

घाबरवायला नाही लिहिलं हे. एकदा माहीत असलं की हात थरथरत नाहीत, एवढ्यासाठी लिहिलं.

वॉर्डात कुणालाही सुई टोचण्याआधी आम्ही विचारायचो, "कशाची रिअ‍ॅक्शन आहे का?" रोगी म्हातारा असो, लहान असो, ओळखीचा असो, घाईत असो. असेल तर केसपेपरवर ठळक लाल शाईनं लिहायचं, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला दिसेल. कुणी रोगी म्हणाला की अमुक औषध मला चालत नाही, तर "बघू या खरंच का" असं म्हणायची मुभा आम्हाला नव्हती. मग स्वयंपाकघरात तुला ती कशी असेल? जेवायला बसलेलं माणूस आपल्या हातावर तेवढाच विश्वास टाकून बसलेलं असतं.

आता तुला कधी सांगितली नाही ती एक गोष्ट सांगते. ट्रेनिंगच्या हॉस्टेलमध्ये माझ्या शेजारच्या कॉटवर कोकणातली एक मुलगी होती. आमचा घरचा डबा यायचा, त्यातल्या शेंगापोळ्या मी सगळ्यांना वाटायची. ती एक तुकडा हातात घ्यायची आणि तसाच ठेवून द्यायची. तिच्या वाढदिवसाला आमची रात्रपाळी लागायची, आणि मी दर वेळी म्हणायची, पुढच्या वर्षी तुला माझ्या हातचं पोटभर जेवण करून घालीन. ट्रेनिंग संपलं, ती एकीकडे गेली, मी एकीकडे. ते जेवण राहूनच गेलं. आज आठवायला बसले तर तिला काय आवडायचं हे मला सांगता येत नाही. तो तुकडा ती का ठेवून द्यायची, हेही माहीत नाही. तीन वर्षं हाताच्या अंतरावर झोपलो आणि मी तिला कधी विचारलंच नाही. हे मला अजून टोचतं. तुझ्या बाबतीत तसं होऊ नये, म्हणून तर इतकं लिहीत बसले आहे.

तर विचार तिला. शेंगा नाहीत, मग काजू-बदाम चालतात का, तीळ चालतात का, खोबरं, दूध, अंडी? शेंग ही जमिनीतली, डाळींच्या घराण्यातली, काजू-बदाम झाडावरचे, पण काहींना दोन्ही बाधतात. अंदाज बांधू नकोस. तिच्या आईला फोन लाव. लेकीच्या ताटात काय पडतं याची त्या माउलीला तिकडे रोज धास्ती असणार. तुझा फोन गेला तर तिच्या जिवाला केवढा आधार वाटेल.

मग स्वयंपाकघर बघ. अक्कानं पाठवलेला घाण्याच्या शेंगतेलाचा डबा त्या दिवशी माळ्यावर टाक. घाण्याच्या तेलात शेंगेचं प्रथिन उतरतं. करडईचं किंवा सूर्यफुलाचं बंद पिशवीतलं तेल आण. घाण्यावरचं सुटं करडईतेलही नको, त्याच घाण्यात शेंगाही गाळतात. कूट करतेस ते मिक्सरचं भांडं वापरू नकोस, त्याच्या पात्याखाली भुकटी अडकून राहते. कढई, झारा, पोळपाट साबणानं घासून घे. मसाल्याच्या डब्यातला चमचा कुटाच्या बरणीत गेला असेल, म्हणून तिखट-हळदीची नवी पाकिटं फोड. चटणीची बरणी पिशवीत बांधून कपाटात ठेव. स्वयंपाकाला लागण्याआधी हात साबणानं धू, नुसत्या पाण्यानं नाही.

कूट नाही तर चव कशी येणार, असं तुला वाटेल. अगं, भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो आपल्याकडे येण्याआधीही आपल्या बायका चवीचं रांधतच होत्या. तिला नारळ चालत असेल तर काकडीच्या कोशिंबिरीत ओलं खोबरं घाल, वर हिंग-जिऱ्याची फोडणी. मसालेभातावर खोबरं-कोथिंबीर. टोमॅटोचं सार, पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी. भजी तळायची तर नव्या तेलात. गोडाला शेवयांची खीर, दूध चांगलं आटवून, वेलची घालून, सुका मेवा न घालता. शेवयांच्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाच. २०२० च्या नियमांप्रमाणे पाकीटबंद पदार्थावर शेंगा, काजू-बदाम, दूध, गहू असल्या गोष्टींची नोंद करावी लागते. बेकरीतल्या सुट्या केकवर आणि हलवायाच्या मिठाईवर मात्र तुला तसं काही वाचायला मिळेलच असं नाही. काजूकतलीत शेंगदाणे मिसळणारेही असतात. म्हणून केकचा हट्ट सोड. साजूक तुपातला शिरा वाटीत दाबून ताटात पालथा घातला तरी वाढदिवस होतो.

जेवणाआधी तिला पाटावर बसव आणि ओवाळ. निरांजन, सुपारी, अंगठी, कुंकू, अक्षता, एवढंच लागतं. घरापासून लांब राहणाऱ्या मुलीला आपल्या वाढदिवशी कुणी ओवाळेल असं वाटलेलं नसतं. आणि तिच्यादेखत, बाकीच्या पोरी बसल्या असताना, मोठ्यानं सांग की आज या घरात शेंगेचा दाणाही वापरलेला नाही. दर ठिकाणी "यात कूट आहे का" विचारून, लोकांच्या कपाळावरच्या आठ्या बघून ती थकली असेल. एक दिवस तिला कुणाला काही न विचारता जेवू दे. याहून मोठी भेट तुझ्या पगारात बसणार नाही.

मी फार बोलले. पण तू माझ्याशी कधी खोटं बोलत नाहीस, म्हणूनच तुला एवढं बोलता येतं. तुझं मन वाईट नाही हे मला ठाऊक आहे. आजी आजारी होती तेव्हा तिची भाकरी दुधात कुस्करून, एकेक घास फुंकून तिला भरवणारी तूच होतीस. त्या वेळी तिला काय गिळवतं नि काय नाही, ते तुला कुणी शिकवलं नव्हतं. तू तिच्या तोंडाकडे बघत होतीस. तसंच या मुलीकडे बघ. रोज ऑफिसातून दमून येतेस, तरी मैत्रिणीसाठी ओट्याशी उभी राहणार आहेस, याचं मला केवढं कौतुक आहे ते या पत्रात मावणार नाही. तूही वेळेवर जेवत जा गं. गेल्या खेपेला फार वाळलेली दिसलीस.

सोबत पाचशे रुपये ठेवले आहेत. दोन चांगले नारळ आण, आणि उरले तर तिच्यासाठी गजरा. तिला माझा आशीर्वाद सांग, आणि दिवाळीला तिला इकडे घेऊन ये. तिच्यासाठी मी आपलं घरही शेंगांशिवाय चार दिवस चालवून दाखवीन.

शनिवारी रात्रीपर्यंत तिला सगळं विचार आणि मला फोन कर. तू फोन केल्याशिवाय मी झोपणार नाही.

तुझी,
मावशी