फळांतील औषधाचा अंश व तपासणीची धन-ऋण रीत

आमचा पेठ तालुका भात, नागली व वरईचा. द्राक्षें शेजारच्या दिंडोरी-निफाडाचीं. तथापि आपल्याकडील आंबा परदेशीं धाडावयाचा झाल्यास त्यासही द्राक्षाचीच कसोटी लागणार. सबब तो विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

सन २०१० मध्यें युरोपांत गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागाईतदार ज्यास ‘सीसीसी’ म्हणतात त्या वाढरोधकाचा अंश सांपडला. तेथील मर्यादा तेव्हां किलोस ०.०५ मिलिग्रॅम होती. माल अडकला व मोठें नुकसान झालें. येथून निघतांना तपासणी झाली होती. परंतु तिच्या यादींत हें द्रव्यच नव्हतें.

असा अंश शोधणाऱ्या यंत्रास एल. सी.-एम. एस. म्हणतात. त्याच्या पहिल्या भागांत फळाच्या अर्कांतील द्रव्यें बारीक नळींतून जातांना एकमेकांपासून वेगळीं होतात. दुसऱ्या भागांत त्यांचें वजन होतें. मात्र विद्युद्भार नसलेला कण हा तराजू तोलीत नाहीं. म्हणून उच्च विद्युद्दाबाखालीं अर्काचे तुषार उडवून कणांस भार देतात. ही युक्ती मोठ्या रेणूंच्या तोलास लावल्याबद्दल अमेरिकेंतील जॉन फेन यांस २००२ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

भार धन असावा कीं ऋण, हें द्रव्याच्या स्वभावावरून ठरतें. ज्याच्या अंगीं अल्कधर्मी भाग आहे, तें हायड्रोजनचा धनभारित कण जवळ करतें. त्यास धन रीत. कार्बेंडाझिम या बुरशीनाशकाचा रेणुभार १९१. यंत्रांत तें १९२ वर दिसतें. जें आम्लधर्मी, तें हाच कण सोडून देतें. त्यास ऋण रीत. मणी फुगविणारें जिबरेलिक आम्ल ३४६ चें, तें ३४५ वर दिसतें. तणनाशक टू-फोर-डी २२० चें, तें २१९ वर. सीसीसी तर जात्याच धनभारित. तें १२२ वर धन रीतींतच दिसतें, ऋण रीतींत शोधून सांपडावयाचें नाहीं. कांहीं द्रव्यें दोन्हींकडे दिसतात. तेथें शुद्ध नमुना दोन्ही प्रकारें चालवून, जेथें खूण ठळक व गोंधळ कमी, ती रीत घेतात. नळींतील द्रवांत थोडें फॉर्मिक आम्ल घातल्यास धन रीतीस साह्य होतें. ऋण रीतीस तें बहुधा बाधतें. आजचीं यंत्रें एकाच फेरींत रीत झपाट्यानें पालटतात. परंतु कोणतें द्रव्य कोणत्या रीतीनें शोधावें, हें आधीं माणसासच सांगावें लागतें.

आम्हीं महसुलाच्या दप्तरांत वर्षें घालविलीं. तेथील दाखला देतों. आठ-अ च्या उताऱ्यांत विहीर मिळाली नाहीं, म्हणून शेतांत विहीर नाहीं असें होत नाहीं. ती सातबाऱ्यावर पाहावी लागते. प्रयोगशाळेच्या कागदावरील ‘आढळलें नाहीं’ या शब्दांचेंही तसेंच आहे.

म्हणून फवारणीची वही तारीखवार व खरी ठेवावी. तींत वेष्टनावरील मूळ द्रव्याचें नांव लिहावें व नमुन्याबरोबर तिची नक्कल द्यावी. अहवाल आल्यावर आपण वापरलेलें प्रत्येक नांव यादींत आहे कीं नाहीं, तें ताडून पाहावें. एकही नांव नसल्यास तपासणी पुरी झाली नाहीं, असें समजून माल हलवूं नये.