भरतीची वही



जूनमध्ये शाळा उघडते, शिक्षक फळ्यावर अपूर्णांकांची साधीशी बेरीज लिहितात आणि वर्गात शांतता पसरते. ही शांतता तुमच्या परिचयाची असेल. आमच्या महाविद्यालयात तर ती अधिकच गडद असते. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावी सुरू होईपर्यंत काही महिने निघून जातात. मग गणितात उत्तम गुण मिळवलेला मुलगासुद्धा सूत्राचा कर्ता बदलताना अडखळतो. काही मुले तेवढ्यावरूनच 'भौतिकशास्त्र आपल्याला झेपणार नाही' असे ठरवून शाखा बदलून मोकळी होतात. मला याचे फार वाईट वाटते, कारण दोष त्यांच्या बुद्धीचा नसतो.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने 1885 साली आपले स्मृतीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरांच्या याद्या तो पाठ करी आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात, ते मोजी. एका तासानंतरच श्रमांची बचत निम्म्याहून कमी झाली होती. एका दिवसानंतर ती सुमारे एक तृतीयांश उरली, पण महिन्यानंतरही जवळजवळ एक पंचमांश शिल्लक होती. म्हणजे विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते, पुढे मंदावते. आणि जे विसरलो असे वाटते, तेही पूर्णपणे पुसले गेलेले नसते. मधूनमधून थोडी उजळणी केली, तीही पुस्तक मिटून स्वतः आठवून, तर ज्ञान टिकते. सुट्टीत रोज चार तास अभ्यासाला बसण्याची मुळीच गरज नाही. (तसे वेळापत्रक मीही लहानपणी दर सुट्टीत केले होते. ते तिसऱ्या दिवसापलीकडे कधी गेले नाही.)

माझा भाचा उरणजवळच्या मोरा बंदरावर राहतो. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँच येते, तेच हे मोरा. येथे गाळ फार. ओहोटीला पाणी इतके उतरते की लाँच धक्क्याला लागणे कठीण होते. एकदा मी सकाळी नऊच्या सुमारास मुंबईला निघालो, तेव्हा आठवीतला हा मुलगा म्हणाला, "मामा, आज चवथ आहे. नऊला सुकती असेल." मी हसलो आणि निघालो. धक्क्यावर दीड तास चिखल बघत बसलो.

कोळी बांधवांचा हिशेब असा : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला 4 × ¾ = 3, म्हणजे दुपारी तीनच्या आसपास भरती. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटे असतात, म्हणून भरती आणि ओहोटी यांच्यात सरासरी सव्वासहा तासांना थोडे कमी. तीनमधून तेवढे वजा करा. ओहोटी नऊच्या थोडी आधी येते. मुलाचे बरोबर होते!

पुढच्या सुट्टीत आम्ही त्याला एक वही आखून दिली. रकाने पाचच : तारीख, तिथी, हिशेबाने आलेली वेळ, पाहिलेली वेळ, फरक. पाणी कुठवर चढले ते धक्क्याच्या भिंतीवरील खुणेवरून ठरवायचे. (कडेला वाकू नये, बरोबर मोठे माणूस असावे.) घर दोन खोल्यांचे, माणसे सहा. म्हणून वही आणि पेन्सिल दोऱ्याने बांधून दाराआडच्या खिळ्याला टांगली. तिची जागा एकच, आणि ती वही घरात दुसऱ्या कशालाही वापरायची नाही. घरातली शिस्त म्हणाल तर एवढीच.

या वहीची गंमत अशी की तिची वेळ रोज सरकते. आज तीन वाजता जायचे तर उद्या साधारण पावणेचार वाजता, म्हणजे उद्याचा बेत आजच करावा लागतो. गुणाकार, अपूर्णांक, तास-मिनिटांची वजाबाकी आपोआप रोज होते. उजळणीची आठवणही समुद्रच देतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची, म्हणजे साधारण सात-आठ दिवसांनी एक खूण. त्या दिवशी जुन्या पुस्तकातली पाच उदाहरणे, न बघता. जमले नाही तरच पुस्तक उघडायचे.

शिक्षकांसाठी एक सूचना : समुद्र नसेल तर विहिरीची पातळी किंवा मध्यान्हीची काठीची सावली चालेल. सुट्टीतला गृहपाठ म्हणून शंभर गणिते देऊ नका. मुले ती शेवटच्या रात्री उरकतात, आणि एबिंगहाउसने दाखवलेला फायदा सगळा वाया जातो.

आता भाच्याला वहीत सापडलेली अडचण. पौर्णिमेला 15 × ¾ म्हणजे भरती सव्वाअकराला. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, तिथी पुन्हा 1, म्हणून भरती पाऊण वाजता. एका दिवसात दीड तासाची उडी! समुद्र अशी उडी मारत नाही. पंधरा तिथींत भरतीची वेळ बरोबर 12 तास सरकायला हवी, म्हणजे दर तिथीला 12 ÷ 15 = ⅘ तास, अर्थात 48 मिनिटे. पाऊणपटीने 45 येतात. तीन-तीन मिनिटे पंधरा वेळा साठतात आणि 45 मिनिटांची चूक होते. मग कोळी बांधवांनी पाऊणच का घेतली? तोंडी हिशेबाला ती सोपी हे एक कारण असावे. पण दुसरी गोष्टही आहे. उधाणाच्या दिवसांत भरती रोज 48 मिनिटांपेक्षा कमी सरकते, भांगाच्या दिवसांत जास्त. त्यामुळे कोणत्या तिथीला पाऊणपट अधिक जुळते आणि कोणत्या तिथीला ⅘ पट, हे वहीतल्या शेवटच्या रकान्यावरूनच कळेल. भाच्याचे एकोणीस दिवस भरले आहेत. अष्टमीजवळचे दोन आकडे त्याला संशयास्पद वाटतात, म्हणून तो पुढच्या पंधरवड्यात ते पुन्हा घेणार आहे.