किरीटाचे संयुक्त छायाचित्र : घडण आणि पारख

खग्रास सूर्यग्रहणात चंद्राचे काळे बिंब सूर्याला पूर्णपणे झाकते, तेव्हा त्या बिंबाभोवती मोत्यासारखे शुभ्र तेज पसरलेले दिसते. सूर्याच्या वातावरणाचा हा सर्वांत बाहेरचा थर होय. मराठीत त्यास किरीट म्हणतात. करोना हे त्याचे प्रचलित नाव. अलीकडे प्रसिद्ध होणाऱ्या किरीटाच्या छायाचित्रांत केसासारख्या बारीक तंतूंचे जाळे, कमानी आणि दूरवर गेलेले झोत स्पष्ट दिसतात. प्रत्यक्ष ग्रहण पाहिलेल्या माणसाला मात्र इतका तपशील दिसलेला नसतो. मग हे छायाचित्र खरे मानावे की बनावट? गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावच्या एखाद्या विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला, तर त्यास एका शब्दात उत्तर देता येणार नाही. असे चित्र अनेक छायाचित्रांच्या संयोगातून तयार होते. ते कसे घडले हे समजल्यावरच त्याची पारख करता येते.

एका छायाचित्राची मर्यादा

किरीटाचे एकूण तेज पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण निम्मे असते; परंतु ते सर्वत्र सारखे नसते. सूर्यबिंबाच्या कडेलगतचा किरीट बिंबाच्या सुमारे दहा लक्षांश तेजाचा असतो. तेथून बाहेर जाताना हे तेज झपाट्याने घटते आणि काही सूर्यत्रिज्यांच्या अंतरावर ते हजारो पटींनी कमी झालेले असते. उद्भासनकाल, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश घेण्याचा अवधी, कमी ठेवला तर केवळ आतला किरीट उमटतो आणि बाहेरचा अंधारात राहतो. तो वाढविला तर बाहेरचे झोत उमटतात. पण आतला सर्व भाग पांढराफटक होऊन तेथील तपशील नष्ट होतो. आपला डोळा या दोन्ही टोकांशी बऱ्याच अंशी जुळवून घेतो. काचेच्या प्लेटला ते शक्य नव्हते आणि आजच्या संवेदकालाही एका उद्भासनात ते पुरतेपणी साधत नाही.

जेऊर आणि तळणी

या मर्यादेचा उत्तम दाखला महाराष्ट्राच्या भूमीवरच मिळतो. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहणाची छाया विजयदुर्गजवळ किनाऱ्यावर आली आणि कऱ्हाड, जेऊर, तळणी, पुलगाव या पट्ट्यातून पुढे शहडोलकडे गेली. त्या वेळी भंडारा जिल्ह्यात असलेले गोरेगाव या पट्ट्याच्या आग्नेयेस राहिले आणि तेथे ग्रहण खंडग्रास झाले. खग्रास स्थितीचा काळ सुमारे दोन मिनिटांचा होता.

सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही तेथूनच वेध घेतले. भिंगाच्या नाभीय अंतराला १०९ ने भागले असता सूर्यप्रतिमेचा व्यास ढोबळमानाने मिळतो. या हिशेबाने चाळीस फुटी कॅमेऱ्यात सूर्याची प्रतिमा सुमारे ११ सेंटिमीटरची होते. आतल्या किरीटाच्या सूक्ष्म रचनेसाठी हे साधन योग्य होते.

पुलगावपासून जवळच असलेल्या वऱ्हाडातील तळणी येथे ब्रिटिश खगोल संघाच्या तुकडीत ॲनी माँडर होत्या. त्यांच्या लहान कॅमेऱ्याचे नाभीय अंतर सुमारे ९ इंच होते. म्हणजे त्यातील सूर्यप्रतिमा जेमतेम २ मिलिमीटरची. तथापि याच कॅमेऱ्याने सूर्याच्या अनेक व्यासांइतका दूर पसरलेला झोत टिपला. त्या काळापर्यंत इतका लांब झोत छायाचित्रात आलेला नव्हता. एकाच दिवशी, एकाच सूर्याचे, दोन साधनांनी दोन निरनिराळे भाग दाखविले. दोन्ही खरे होते आणि दोन्ही अपुरे होते.

हाताने केलेला संयोग

किरीटाचे पहिले यशस्वी छायाचित्र २८ जुलै १८५१ रोजी क्योनिग्जबर्ग येथे बर्कोव्स्की यांनी घेतले. त्यानंतर वीस वर्षांतच एकापेक्षा अधिक प्लेटा एकत्र करण्याची गरज भासू लागली. १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणाची छायाचित्रे दक्षिण भारतात बेकल येथे घेण्यात आली. त्यांतील निरनिराळ्या उद्भासनांच्या प्लेटा समोर ठेवून डब्ल्यू. एच. वेस्ली यांनी पेन्सिलीने किरीटाचे एक एकत्रित चित्र तयार केले. संयुक्त चित्राची कल्पना संगणकापेक्षा कितीतरी जुनी आहे, हे यावरून दिसून येईल. मात्र प्रत्येक रेषा कोठे काढावयाची, हे चित्रकाराच्या नजरेवर अवलंबून होते.

पुढे गॉर्डन न्यूकर्क यांनी १२ नोव्हेंबर १९६६ च्या ग्रहणात बोलिव्हियात दुसरा उपाय योजला. मध्यभागी गडद आणि कडेकडे फिकट होत जाणारी गाळणी त्यांनी कॅमेऱ्यात बसविली. तिने आतल्या किरीटाचा प्रकाश अडविला आणि बाहेरच्याला वाट दिली. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणातही हैदराबादजवळील पालेम येथून अमेरिकी पथकाने अशा गाळणीने छायाचित्रे घेतली. आज गाळणीचे हे काम बहुधा संगणकीय गणित करते.

आजची प्रक्रिया

पहिली पायरी म्हणजे निरनिराळ्या उद्भासनांची मालिका. एका सेकंदाचा दोन हजारावा भाग, त्यानंतर पाचशेवा, सव्वाशेवा, तिसावा, आठवा, अर्धा सेकंद आणि शेवटी दोन सेकंद, अशी सात छायाचित्रे घेतली असता पहिल्या आणि शेवटच्या उद्भासनात चार हजार पटींचे अंतर पडते. मालिका पुन्हा पुन्हा घेणे हितावह असते. कारण सारख्या उद्भासनाच्या सोळा छायाचित्रांची सरासरी काढली की त्यांतील यादृच्छिक कणकणपणा एक चतुर्थांशावर येतो.

दुसरी पायरी शुद्धीकरणाची. झाकण लावून तेवढ्याच अवधीची छायाचित्रे घेतली म्हणजे संवेदकाने स्वतःहून निर्माण केलेला अंक कळतो. तो वजा करावयाचा. एकसारख्या उजळ पृष्ठभागाची छायाचित्रे घेतली म्हणजे भिंगाच्या कडेचा काळोखेपणा व धुळीचे डाग कळतात; त्यांनी भागावयाचे.

तिसरी पायरी जुळणीची असून ती सर्वांत नाजूक आहे. चंद्र किरीटासमोरून सेकंदाला विकलेचा साधारण तिसरा भाग ते अर्धी विकला सरकत असतो. चंद्राची काळी कड जुळवून छायाचित्रे एकावर एक ठेवली तर किरीटाचे तंतू पुसट होतात. म्हणून जुळणी चंद्रावर न करता किरीटाच्या रचनेवर करावी लागते. चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील गणितज्ञ मिलोस्लाव्ह ड्रुकम्युलर यांनी या कामी गणिती पद्धती विकसित केल्या असून त्यांची ग्रहणचित्रे जगभर प्रमाण मानली जातात.

चौथी पायरी प्रत्यक्ष संयोगाची. समजा, एका बिंदूवर तिसाव्या भागाच्या उद्भासनात ८०० हा अंक आला. संवेदकाचे ५० वजा जाता ७५० उरले. तीसने गुणता दर सेकंदाला २२,५०० मिळाले. आठव्या भागाच्या उद्भासनात त्याच बिंदूवर २,८५० आले. ५० वजा करून आठने गुणता २२,४०० मिळाले. दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखी आहेत. म्हणून दोन्ही विश्वसनीय असून त्यांची योग्य सरासरी घ्यावी. दोन सेकंदांच्या छायाचित्रात मात्र तोच बिंदू १६,३८३ या कमाल अंकावर अडकलेला आढळेल; त्याची साक्ष तेथे निरुपयोगी समजून वगळावी. हेच काम लक्षावधी बिंदूंवर करावयाचे असते.

पाचव्या पायरीत सूर्यापासून दूर जाताना होणारी तेजाची मोठी घट गणिताने सपाट केली जाते आणि शेजारच्या बिंदूंमधील लहान फरक उठावदार केले जातात. तंतू दिसू लागतात ते येथेच.

सत्य आणि सजावट

पहिल्या चार पायऱ्यांपर्यंत चित्र हे मोजमाप असते. पाचव्या पायरीनंतर बिंदूंची परस्पर उजळता खरी राहत नाही. आकार व दिशा मात्र खऱ्या राहू शकतात. किरीटातील तंतू सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दर्शवितात, म्हणून शास्त्रज्ञांना असे चित्र उपयोगी पडते. परंतु उठाव मर्यादेबाहेर वाढविला, तर कणकणपणाचेही तंतू बनतात आणि चंद्राच्या कडेभोवती नसलेली कडी उमटतात. यावर साधी कसोटी आहे. चित्रात दिसणारा तपशील एकाहून अधिक मूळ छायाचित्रांत, फिका का होईना, सापडला पाहिजे. शक्य तेथे तो दुसऱ्या ठिकाणच्या निरीक्षकाच्या चित्रातही आढळला पाहिजे. संपूर्ण चित्रावर एकच नियम चालविणे ही प्रक्रिया होय. आवडेल तेथे कुंचला फिरविणे ही सजावट होय. सजावटीस मनाई नाही, पण तिला वेध म्हणू नये.

तृतीयेच्या कोरीवर सराव

खग्रास ग्रहण वारंवार आपल्या दारी येत नाही. २ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण महाराष्ट्रातून खंडग्रास स्वरूपाचे आहे. २० मार्च २०३४ च्या खग्रास छायेचा पट्टा भारतात लडाखच्या बाजूने जातो. परंतु सरावासाठी इतके थांबण्याचे कारण नाही. अमावास्येनंतरच्या तृतीयेला पश्चिमेस चंद्राची कोर दिसते, तेव्हा उरलेले बिंबही पृथ्वीवरून परावर्तित झालेल्या प्रकाशात अंधुक दिसते. कोर आणि हे अंधुक बिंब यांच्या तेजात हजारो पटींचा फरक असतो. अडचण किरीटाचीच आहे. डोळ्याला धोका मात्र नाही.

धानाची कापणी आटोपल्यावर गोरेगाव परिसरात आकाश बहुधा निरभ्र असते. बांधावर तिपाई रोवावी, तिच्यावर कॅमेरा घट्ट बसवावा, शटर हात न लावता उघडावे आणि उद्भासनांची मालिका घ्यावी. प्रत्येक छायाचित्राची वेळ व अवधी वहीत लिहावा. नंतर वरील पायऱ्या क्रमाने करून कोर आणि अंधुक बिंब एका चित्रात आणावे. मूळ छायाचित्रे कधीही पुसू नयेत. संयुक्त चित्राबाबत शंका निघाली तर खुलासा त्यांच्यातूनच करावा लागतो.

एक सूचना प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. खंडग्रास अवस्थेत सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी अथवा सौरगाळणीवाचून कॅमेऱ्यातून पाहू नये. गाळणी काढावयाची ती केवळ बिंब संपूर्ण झाकलेले असेपर्यंत, आणि प्रकाशाचा पहिला ठिपका फुटण्यापूर्वी ती पुन्हा बसलेली असली पाहिजे.