खेळण्यातील आगगाडीच्या मेजाखालील पेट्या

आपल्या वसतिगृहातील खेळण्यातल्या आगगाडीचे तीन डबे गेल्या वर्षी दिसेनासे झाले, तेव्हा नव्याने आलेल्या एका मुलाची पत्र्याची पेटी मीच उघडायला लावली. डबे पुढे मेज आणि भिंत यांमधील फटीत सापडले. त्या मुलाची सर्वांसमक्ष क्षमा मागितली आणि मेजाखाली साठवणीची सोय करून घेतली. तिची रीत येथे नोंदवितो.

चौकटीखाली ३५ सेंटिमीटर जागा होती. त्यात चाकांसह ३० सेंटिमीटर उंचीच्या प्लायवूडच्या दोन उघड्या पेट्या बसविल्या. सरकपट्टीचा खण लहान मुले पूर्ण ओढून पायावर पाडून घेतात. चाकांची पेटी जमिनीवरच राहते. वसईच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून बाजूंना मोकळीक ठेवून तळाला भोके पाडली. रूळ, डबे, इंजिने यांचे कप्पे वेगळे केले. वाचता न येणाऱ्यांसाठी त्यांवर चित्रे लावली. मागच्या कडेला पट्टी ठोकून फट बुजविली.

पेट्या बसविल्या त्या दिवशी मुलांना सोपाऱ्याची पेटी सांगितली. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सोन्याचा असे एकात एक करंडक निघाले. सर्वांत आत मातीच्या पात्राचे तुकडे होते. “सोन्यात खापऱ्या कशाला?” असे त्याच मुलाने विचारले. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे मानले गेले, असे मी सांगितले.

सायंकाळी डबे मोजून ठेवण्याचे काम त्याने मागून घेतले आहे. स्वतःच्या पेटीला मात्र त्याने तेव्हा लावलेले कुलूप अजून तसेच आहे.