पडद्यावरील रंग व पेटींतील रंग

कल्पना करण्यास मोल पडत नाहीं; ती प्रत्यक्षांत उतरवावयाची म्हणजे मात्र पडतें. संगणकाच्या पडद्यावर लेगोच्या विटांची इमारत रचणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्यास ही गोष्ट गेल्या वर्षीं कशी कळून आली तें येथें सांगावें, व त्यापासून निघणारा धडा पालकवर्गापुढेंही ठेवावा, असें आम्हांस वाटतें.

इयत्ता नववींतील या विद्यार्थ्यानें आपल्या शाळेच्या घंटाघराची प्रतिकृति पडद्यावर रचिली. दगडाचा मळकट गुलाबी रंग त्यास हुबेहूब साधला होता. त्याचे वडील सुतारकाम करितात. त्यांनीं विटांसाठीं कांहीं रक्कम बाजूस काढून ठेविली होती. मागणी पाठविण्याच्या आदल्या दिवशीं यादी तपासतां असें दिसून आलें कीं, त्यानें योजिलेले कमानीचे भाग त्या रंगांत कारखान्यानें कधीं घडविलेच नव्हते. मुलाचा चेहरा उतरला. दोष त्याचा नव्हता. रंगांची परीक्षा आधीं कशी करावी, हें आम्हींच त्यास शिकविलें नव्हतें.

कारखाना प्रत्येक भाग प्रत्येक रंगांत कां घडवीत नाहीं, हें प्रथम पाहूं. लेगोचा कारखाना डेन्मार्कांतील बिलुंड या गांवीं ओले कर्क क्रिस्टियानसेन नांवाच्या सुतारानेंच 1932 सालीं काढिला. आज आपण ओळखतों त्या विटेच्या पेटंटाचा अर्ज 28 जानेवारी 1958 रोजीं झाला, आणि 1963 पासून ती ए. बी. एस. नांवाच्या प्लॅस्टिकची होऊं लागली. हें प्लॅस्टिक वितळवून साच्यांत दाबानें भरितात. रंग त्यांतच मिसळलेला असतो. वीट घडल्यावर तो वरून चढवीत नाहींत. यास्तव नवा रंग म्हणजे नवें घडविणें व नवा सांठा. पन्नास रंग व हजार आकार धरिले, तरी पन्नास हजार प्रकार होतील! प्रकारांची अशी बेसुमार वाढ खर्चाची ठरते. 2003-04 च्या सुमारास ही कंपनी आर्थिक संकटांत सांपडली, तेव्हां सांवरण्यासाठीं तिनें भागांचे प्रकार पुष्कळ कमी केले. पडद्यावर रंग बदलणें हें क्षणाचें काम. कारखान्यांत तसें नाहीं.

म्हणून आराखडा करणारानें तीन प्रश्न क्रमानें विचारावे.

पहिला प्रश्न : हा रंग नेमका कोणता? एकाच रंगास दोन ठिकाणीं दोन नांवें असतात. ब्रिकलिंक हा विटांच्या खरेदीविक्रीचा संगणकावरील बाजार 2000 सालीं सुरू झाला व 2019 सालीं लेगो कंपनीनें तो विकत घेतला. तरी दोघांची नांवें निराळीं आहेत. कंपनी ज्यास ‘डार्क ग्रीन’ म्हणते, तो ब्रिकलिंकवर नुसता ‘ग्रीन’ होय. ब्रिकलिंकवरील ‘डार्क ग्रीन’ हा कंपनीचा ‘अर्थ ग्रीन’. तो पुष्कळच काळसर असतो. क्रमांकही भिन्न आहेत : पहिला रंग कंपनीचा 28 व ब्रिकलिंकचा 6, दुसरा कंपनीचा 141 व ब्रिकलिंकचा 80. तेव्हां नांव व क्रमांक लिहितांना तो कोणाचा, हेंही लिहावें.

दुसरा प्रश्न : हाच भाग याच रंगांत घडविला आहे काय? रंग खरा असला, भागही खरा असला, तरी दोहोंचा योग झालेला असेलच असें नाहीं. कंपनी अशा प्रत्येक योगास स्वतंत्र क्रमांक देते. दोन गुणिले चार वीट 3001 व लाल रंग 21, म्हणून लाल विटेचा जुना क्रमांक 300121. नव्या क्रमांकांवरून मात्र रंग असा ओळखतां येत नाहीं. कंपनीनें आपल्या जुन्या आराखड्याच्या साधनाऐवजीं 2022 सालीं ‘स्टुडिओ’ पुढें केलें. निवडलेला भाग ज्या रंगांत आढळत नाहीं, ते रंग लपविण्याची सोय त्यांत आहे. ती प्रथमपासूनच चालू ठेवावी.

तिसरा प्रश्न : तो आज मिळेल काय, व किती किंमतीस? 2004 च्या सुमारास कंपनीनें आपले करडे व तपकिरी रंग बदलले. जुना करडा व नवा निळसर करडा शेजारीं ठेविले तर भिंत ठिगळ लाविल्यासारखी दिसते. जुने रंग आतां केवळ जुन्या विटांच्या बाजारांतच मिळतात. ब्रिकलिंकवर मागील सहा महिन्यांतील विक्रीच्या किंमती पाहावयास मिळतात. त्या पाहिल्यावांचून यादी पुरी झाली असें समजूं नये.

आणखी एक युक्ति. भिंतीच्या साध्या विटा पुष्कळ रंगांत मिळतात. अडचण येते ती कमानी, खिडक्या व उतरतीं छपरें यांची. म्हणून रंग ठरवितांना आधीं अवघड भाग पाहावे, मग भिंती. आमच्या विद्यार्थ्यानें नेमकें उलट केलें होतें.

पुढें काय झालें? त्यानें दोन दिवस पुन्हां बसून कमानी पांढऱ्या केल्या. मूळ घंटाघराच्या कमानींस चुन्याची किनार आहे, हें तेव्हां त्याच्या ध्यानांत आलें. इतकीं वर्षें रोज पाहूनही तें दिसलें नव्हतें! वडिलांच्या पैशांतील एक रुपयाही वायां गेला नाहीं. प्रतिकृति आतां वाचनालयांत ठेविली आहे.

विद्यार्थिमित्रहो, आराखडा पडद्यावर असेतों चूक फुकट सुधारतां येते; मागणी गेल्यावर तिचें मोल बहुधा दुसऱ्या कोणास तरी द्यावें लागतें. तेव्हां मनाजोगता रंग अवश्य योजा. पण तो पेटींत आहे कीं नाहीं, हें आधीं पाहा.