देवाला पहिले स्थान : मजुराच्या घरात आणि सेवकाच्या वहीत

शास्त्रपाठ : मत्तय ६:२४-३४, मार्क ७:९-१३, १ राजे १७:८-१६



देवाला पहिले स्थान द्यावे, हे आपण मंडळीत वरचेवर ऐकतो. पण पहिले स्थान म्हणजे नेमके काय? उपासना चुकवू नये, दशमांश द्यावा, पहाटे वचन वाचावे, एवढेच का? जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील वाड्यांवर सेवा करताना हा प्रश्न फार सरळपणे समोर येतो. म्हणून या तिमाहीत त्याचाच अभ्यास करू.

१. हे वचन कोणाला सांगितले?

काय खावे, काय पांघरावे, या चिंतेत असलेल्यांशी प्रभू येशू बोलत होता. आपल्याकडेही भात, नाचणी, वरई वर्षभर पुरत नाही. मग बाळहिरडा गोळा करायचा आणि नारायणगावला मजुरीसाठी जायचे. प्रभूने ही गरज क्षुल्लक म्हटली नाही. तुम्हाला याची गरज आहे हे स्वर्गीय पित्याला ठाऊक आहे, असे त्याने सांगितले (वचन ३२). त्याआधी २४व्या वचनात तो धनी कोण, हे विचारतो. म्हणजे पोटाची काळजी करणे हे पाप नव्हे. त्या काळजीला आपली धनी होऊ देणे, हा धोका आहे. शिवाय ३३व्या वचनात राज्यासोबत नीतिमत्त्वही आहे. उपासनेला पहिला आणि तराजूत शेवटचा, असा देव ठेवता येत नाही.

२. रविवारची मजुरी

आंबेगावातील एका ठाकर भगिनीने मला विचारले, "ताई, रविवारी टोमॅटो तोडायला बोलावत्यात. गेलं तर देव मागं पडतो का? आन न्हाई गेलं तर पोरांना काय घालू?"

मी तिच्यासोबत मार्क ७ वाचले. देवाला वाहिले असे म्हणून आईबापांना उपाशी ठेवणाऱ्यांना प्रभूने दोष दिला. शब्बाथ मनुष्यासाठी झाला, हेही त्यानेच शिकवले (मार्क २:२७). लेकरांच्या तोंडचा घास काढून देवाला दिलेला मान त्याला नको आहे. मी तिला म्हणाले, "बाई, पोरांसाठी जा. पण देवाला घरी ठेवून जाऊ नको." आता हंगामात त्या वस्तीवरची उपासना मजूर परतल्यावर, संध्याकाळी होते.

तिचे खरे समर्पण मला वेगळ्याच ठिकाणी दिसले. वाळलेल्या हिरड्यात ओला मिसळला की वजन वाढते. घरात पैशाची ओढ असतानाही तिने तो मिसळला नाही. त्या दिवशी देव पहिला होता.

३. सारफथची विधवा

दुष्काळात एलीयाने त्या विधवेकडे आधी स्वतःसाठी लहानशी भाकर मागितली. हा भाग दान गोळा करताना पुष्कळदा सांगितला जातो. पण १४वे आणि १५वे वचनही वाचा. मागणीसोबत देवाचे अभिवचन होते, आणि पुढे पुष्कळ दिवस ती, तिचे घर आणि संदेष्टा एकाच मडक्यातले पीठ खात होते. गरिबाकडून देवाच्या नावाने मागणाऱ्याने त्याच चुलीपाशी बसण्याची तयारी ठेवावी. ती नसेल तर मागू नये.

४. आपल्याच जिल्ह्यातील साक्ष

पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आले. उच्चवर्णीय विधवांचे शिक्षण, हे तिथले ठरलेले काम होते. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंचे आईवडील दुष्काळाच्या दिवसांतच गेले होते. उपासमार त्यांनी अंगावर सोसली होती. त्या तिकडे गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या जमिनीवर मुक्ती मिशन उभे राहिले. आधीच्या योजनेत या मुली नव्हत्या. पण देवाने ज्यांना समोर आणले, त्यांच्यासाठी रमाबाईंनी योजना बदलली. त्याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. मुलींना जेवू घालणे आणि वचनाचा अभ्यास, यांत पहिले कोणते असा वाद त्यांच्या जीवनात दिसत नाही. दोन्ही एकाच धन्याची कामे होती.

५. सेवकांसाठी

आपल्या वहीत कोण पहिला आहे? किती सभा, किती फोटो, किती नावे, याचीच चिंता असेल तर अहवाल आपला धनी झाला. पिता नीतिमान आणि अनीतिमान दोघांवर पाऊस पाडतो (मत्तय ५:४५). म्हणून घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयात कोणाचा अर्ज घेऊन जाताना, जातीचा दाखला काढून देताना, रुग्णाला दवाखान्यात नेताना, तो आपल्या मंडळीचा आहे का हे पाहू नये. मदतीच्या बदल्यात विश्वास मागू नये. तसे केले तर लोक धान्याच्या गोणीकडे पाहतील, ख्रिस्ताकडे नव्हे.

मनन व चर्चेसाठी

१. गेल्या महिन्यातील कोणता निर्णय मी केवळ चिंतेमुळे घेतला?
२. माझ्या मजुरीत, व्यापारात किंवा हिशेबात नीतिमत्त्व कुठे मागे पडते?
३. आपल्या उपासनेची वेळ कोणाच्या सोयीने ठरते?

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आमची गरज तुला ठाऊक आहे. आमच्या चुलीवर, तराजूवर आणि वहीवर तूच धनी हो. जे आमचे नाहीत असे आम्हाला वाटते, त्यांनाही आमच्या हातून तुझी प्रीती मिळू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.