बिडी कधी ओढली नाही, तरी छातीचा सीटी करावा का?

आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या बाईला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, असं कानावर आलं की गल्लीभर घोर लागतो. आपणही एकदा स्कॅन करून घ्यावा का? पैठणहून संभाजीनगर पन्नासेक किलोमीटर, एसटीत बायकांना अर्धं तिकीट. जाणं स्वस्तच आहे.

ही तपासणी म्हणजे लो-डोस सीटी. खासगी सेंटरमध्ये साधारण अडीच ते सहा हजार. घासाघीस करताना एवढं लक्षात असू द्या: कोरोनात, सप्टेंबर २०२० मध्ये, राज्य सरकारने छातीच्या एचआरसीटीचे दर मशीनप्रमाणे २,००० ते ३,००० रुपयांवर बांधून दिले होते.

खरा खर्च रिपोर्टनंतर सुरू होतो. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत (निष्कर्ष २०११) या स्कॅनमुळे फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. पण ती माणसं वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट ओढणारी होती. तरीही संशयास्पद ठरलेल्या स्कॅनपैकी ९६ टक्क्यांत कॅन्सर नव्हताच. आपल्याकडे तर जुन्या टीबीचे डागही गाठीसारखे दिसतात. मग काही महिन्यांनी पुन्हा सीटी, पेट स्कॅन, सुईने तुकडा काढणं; बिल पाच आकड्यांत जातं, आणि सुईने फुप्फुसातून हवा गळण्याचा धोका वेगळाच.

म्हणून धूम्रपान नाही, त्रास नाही, घरात कुणाला हा कॅन्सर नाही, तर माझ्या मते हे पैसे घालू नयेत. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला झाला असेल, तर मात्र छातीच्या डॉक्टरांशी बोला. तैवान २०२२ पासून अशा लोकांना, सिगारेट न ओढणाऱ्यांनाही, दर दोन वर्षांनी हा स्कॅन सरकारी खर्चाने देतं. चुलीच्या धुरात उमर गेली असेल तर स्कॅनआधी गॅसची टाकी भरा. तपासणीच्या पॅकेजमधल्या ‘ट्यूमर मार्कर’ नावाच्या रक्तचाचण्या सरळ नाकारा.

त्रास असेल तर गोष्टच वेगळी. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात टीबीसाठी थुंकीची तपासणी मोफत होते. थुंकीत रक्त, घटतं वजन, किंवा टीबीच्या गोळ्या चालू असूनही उतार नाही, अशा वेळी सीटीला उशीर नको. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय किंवा शासकीय कर्करोग रुग्णालय गाठा. निरोगी माणसाचा स्कॅन महात्मा फुले योजनेत बसत नाही. निदान झाल्यावरच्या उपचारांना मात्र कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत आधार आहे. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

घरात कुणी तंबाखू मळत असेल, तर त्याचं तोंड आधी दाखवून घ्या. तिशीनंतर ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते.